एक फेज गेली

लेकीने बाहुलीच्या थोबाडीत मारली. तोंडाने ‘धडाम्’ असा आवाज काढला, बाहुलीची मान पुन्हा सरळ केली आणि दुसऱ्यांदा मारली. मग तिसऱ्यांदा. साडेतीन वर्षांची पोर. ऑफिसची बॅग खांद्यावरून न उतरवता मी दारातच उभी होते. तीनदाच का, हे कळायला मला जरा वेळ लागला. आदल्या संध्याकाळच्या मालिकेत थोरल्या जावेने धाकटीच्या थोबाडीत मारली होती आणि ती एकच चपराक तीन बाजूंनी, विजेच्या कडकडाटासह, तीन वेळा दाखवली होती. मारलं एकदाच, हे मोठ्यांना कळतं. लेकीच्या लेखी त्या बाईने तीनदा मार खाल्ला होता.

त्या रात्री मी आणि सासूबाई टीव्हीवरून पहिल्यांदा समोरासमोर बोललो. त्याआधीचे सहा-सात महिने सगळं नवऱ्यामार्फत चाललं होतं. मी त्याला खोलीत सांगायचे, तो बाहेर जाऊन लॅपटॉपवरची नजर न हलवता म्हणायचा, “आई, बंद कर गं ते.” आईंनाही कळायचं की हे वाक्य कुणाचं आहे. माझ्या स्वतःच्या आईशी हेच भांडण दोन मिनिटांत झालं असतं. मी ओरडले असते, ती ओरडली असती आणि अर्ध्या तासाने आम्ही चहा पीत बसलो असतो. सासूशी बोलताना प्रत्येक शब्द आधी तोंडात घोळवावा लागतो, आणि घोळवून बाहेर काढलेला शब्द जास्तच टोचतो.

आई-अप्पा सोलापूरचे. लेकीला पाळणाघर मानवेना, महिन्यातून दोनदा ताप यायचा, तेव्हा ते दोघं घराला कुलूप लावून पुण्यात आले. आम्ही बोलवलं म्हणून आले, हे आधीच सांगायला हवं. सकाळी नऊला आम्ही दोघं बाहेर पडतो ते सात-साडेसातला येतो. मधले दहा तास एक साडेतीन वर्षांचं पोर आणि सातव्या मजल्यावरचा बंद दरवाजा. सोलापुरात आईंच्या ओट्यावर दुपारी चार बायका शेंगा सोलायला बसायच्या. इथे समोरच्या फ्लॅटमधलं आडनाव दारावरच्या पाटीवरून माहीत.

टीव्ही सकाळी जेवणाच्या वेळी लागायचा, तो अप्पांच्या बातम्यांपर्यंत. मग दुपारी लेक उठली की कार्टून, आणि सहापासून मालिका. आईंचं म्हणणं साधं होतं. टीव्ही लावला की वरणभाताची वाटी सरळ संपते, नाहीतर तासभर मागे फिरावं लागतं. ज्या बाईने आयुष्यभर माया ही पोटात किती गेलं यावरून मोजली, तिला भरलेलं ताट परत नेणं हा पराभव वाटतो. मी म्हणायचे, आई, तिला कळतच नाही ती काय खातेय, पोट भरल्याचंही कळत नाही. त्या म्हणायच्या, “चिऊचा घास, काऊचा घास म्हणताना तरी कुठं कळतंय लेकराला? चांदोबा दाखवूनच भरवलं की आम्ही तुझ्या नवऱ्याला.” याला मी तेव्हा उत्तर दिलं नाही. आता देते. चिऊ-काऊ म्हणताना आई तिच्या तोंडाकडे बघत असतात. घास अडला तर थांबतात, नको म्हणाली तर विचारतात. टीव्हीसमोर भरवताना दोघींचीही नजर समोर असते आणि चमचा आपला चालू असतो.

भारतातल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचं सांगणं असं आहे की दोन वर्षांपर्यंत पडदा नकोच, व्हिडिओ कॉलवर नातेवाइकांशी बोलणं तेवढं चालेल. दोन ते पाच वर्षांत दिवसाला जास्तीत जास्त एक तास, तोही मोठं माणूस शेजारी बसून. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली जवळपास हेच सांगितलं. हे सगळं मी मराठीत लिहून, छापून फ्रिजवर चिकटवलं. आईंनी चष्मा लावून ते पूर्ण वाचलं. “एक तास,” त्या म्हणाल्या, “मोजायचा कुणी?”

मला तो आडमुठेपणा वाटला. त्यात खरा प्रश्न होता, हे कळायला पुढे बरंच घडावं लागलं.

अप्पा एमएसईबीत लाइनमन होते. घरात पहिला टीव्ही आला १९८७ साली, काळा-पांढरा, आणि तो आला रामायणासाठी. जानेवारीत मालिका सुरू झाली आणि अप्पांच्या रविवारची झोप गेली. सकाळी साडेनऊच्या आत लाइन गेली तर अख्खी गल्ली यांच्या दारात. भाग सुरू असताना अप्पा सायकलवरून कुठेतरी खांबापाशी असायचे आणि घरात तीसेक माणसं चटईवर बसलेली असायची. त्यात कुणी हात जोडून, कुणी लेकराला पाजत. स्वतः त्यांनी ती मालिका सलग पाहिली ती २०२० साली, टाळेबंदीत २८ मार्चपासून दूरदर्शनने पुन्हा दाखवली तेव्हा. मी विचारलं होतं, कशी वाटली? म्हणाले, “चांगली आहे. पण एकट्यानं बघायची नाही ती.”

आमचा वाद निघाला की अप्पा एवढंच म्हणायचे, “तुमची पिढी बघतच मोठी झाली की. काय वाकडं झालं?” आई माझ्या नवऱ्याबद्दल पुस्ती जोडायच्या, “याने तर बाण करून करून माझा खराटा संपवला.”

खरं आहे. मी डोंबिवलीत वाढले आणि रविवारी सकाळी मोगली लागायचा तेव्हा आमच्या मजल्यावरची सगळी मुलं एका घरात असायची. पण तो अर्धा तास संपायचा. पुढे आपल्या कामाचं काही नसायचं, आपणच उठून खाली खेळायला जायचो. त्याहून आधी तर दूरदर्शन रात्री स्वतःच बंद व्हायचं. आई-अप्पांना मुलांसाठी टीव्ही कधी बंद करावाच लागला नाही. ते काम दिल्ली आणि मुंबई करत होती. शिस्त त्यांच्या घरात नव्हती, वेळापत्रकात होती, आणि ती आपोआप मिळत असल्यामुळे तिचं अस्तित्व कुणाला जाणवलं नाही. आता एक कार्टून संपायच्या आत दुसरं सुरू होतं. मोबाइलवर तर बोटही लावावं लागत नाही. जे काम सरकारी यंत्रणा करायची ते आता सत्तरीच्या बाईने करायचं, रडणाऱ्या नातीसमोर, दिवसातून चार वेळा. एक तास मोजायचा कुणी, या प्रश्नात हे सगळं होतं.

पण मालिकांबद्दल माझं मत तेव्हा होतं तेच आज आहे. लहान मुलासमोर त्या लागू नयेत. त्यात माणसं सतत एकमेकींच्या वाईटावर असतात. रडणाऱ्या चेहऱ्यावर कॅमेरा इतका वेळ थांबतो की साडेतीन वर्षांच्या मुलाला त्यातून मान काढता येत नाही. मोठं माणूस म्हणतं, मालिका आहे, उद्या बघू. लेकरासाठी ते दुःख आज रात्री अंथरुणात येतं. बातम्यांचं तर विचारूच नका. एका संध्याकाळी अपघाताचं तेच ते दृश्य फिरून फिरून दाखवत होते आणि लेकीने अप्पांना विचारलं, “ते काका रस्त्यावर का झोपलेत?” अप्पांनी चॅनल बदललं. उत्तर काही त्यांना देता आलं नाही.

आईंचा आक्षेप माझ्या कार्टूनवर होता, आणि तोही पोकळ नव्हता. कार्टून मी ‘मुलांचं आहे’ म्हणून पास केली होती. आमच्याकडे लागायची ती सगळी हिंदीत. लेक आजीला “मुझे नहीं खाना” म्हणायला लागली. एकदा आईंनी खेळणी उचलायला सांगितली तर हात कमरेवर ठेवून म्हणाली, “पागल हो क्या?” आईंना शब्दापेक्षा तो कमरेवरचा हात लागला. “हे लेकरू माझ्याशी दुसऱ्याच्या तोंडाने भांडतंय,” त्या मला म्हणाल्या. इतकं नेमकं मी सहा महिन्यांत काही बोलले नव्हते.

थोबाडीच्या प्रकरणानंतर आठवड्याभरात दुधाचं झालं. मालिकेत कुणीतरी कुणाच्या तरी दुधात काहीतरी मिसळलं होतं. सकाळी आईंनी पेला पुढे केला तर लेक पेल्यात वाकून बघत म्हणाली, “आजी, यात काय घातलंस?” आई म्हणाल्या, हळद. “आणि?” पोर म्हणाली. आईंनी ते दूध स्वतः एक घोट पिऊन दाखवलं. हे मला त्यांनी सांगितलं नाही, संध्याकाळी अप्पांकडून कळलं. पुढचे दोन दिवस ती मालिका आमच्याकडे लागली नाही. कुणी सांगितलं नव्हतं.

तिथे मी थांबायला हवं होतं. बाई स्वतःहून वळत होती. पण तिसऱ्या दिवशी घरी आले तर मालिका चालू, आणि लेक आजीच्या मांडीवर. मी काही बोलले नाही. रात्री सगळे झोपल्यावर सेट टॉप बॉक्सला चार आकडी पिन घातली. फक्त मालिकांच्या आणि बातम्यांच्या चॅनलला घालायची होती. घाईत सगळ्यालाच लागली. सकाळी सांगायचं राहिलं. राहिलं असं मी महिनाभर म्हणत होते, पण सांगणं टाळलं हेच खरं.

संध्याकाळी आले तेव्हा अप्पा खुर्चीत पेपर घेऊन बसले होते. सकाळचाच पेपर, शेवटचं पान. रिमोट टीव्हीच्या शेजारी, अगदी सरळ रेषेत ठेवलेला. टीव्हीवर कुलपाचं चित्र आणि चार रिकामे चौकोन. मी म्हटलं, अप्पा, फोन का नाही केलात? म्हणाले, “कामात असशील.” मग थोड्या वेळाने, “मी म्हटलं, माझंच काहीतरी बटण चुकलं.”

छत्तीस वर्षं ज्या माणसाने पावसात खांबावर चढून लोकांच्या घरात उजेड आणला, तो माझ्या घरात दिवसभर एका बंद पडद्यासमोर बसून होता आणि चूक आपलीच असेल असं समजत होता. आई स्वयंपाकघरात. त्यांना पिनचं कळलं होतं, हे त्यांच्या पाठीवरूनच समजलं. मी पिन काढली आणि माफी मागितली. अप्पा म्हणाले, “असू दे, असू दे,” आणि बातम्या लावल्या नाहीत.

त्यानंतरच्या शनिवारी मी मुद्दाम आईंच्या शेजारी बसून मालिका पाहिली. लेक मधे. मला बघायचं होतं की त्या अर्ध्या तासात नेमकं होतं काय. आई गप्प बसतच नाहीत. “बघ, हिला वाईट वाटलंय. का बरं? कुणी बोललं नाही ना तिच्याशी.” “हे इरकल आहे बरं, तुझ्या पणजीकडे होतं असं.” “आता ही खोटं बोलणार, बघ डोळे कुठं फिरवते ते.” लेक विचारते, आई सांगतात, लेक पुन्हा विचारते. पडदा एका बाजूला आणि या दोघींचं संभाषण दुसऱ्या बाजूला.

आणि माझी इंग्रजी बालगीतं? ती लावून मी कुकर लावायला जायचे. लेक तोंड उघडं टाकून, पापणी न लववता, एकटी.

अमेरिकेत पॅट्रिशिया कूल या संशोधिकेने २००३ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. नऊ महिन्यांच्या इंग्रजी घरातल्या बाळांसमोर बारा वेळा चिनी बोलणारं माणूस बसवलं. खेळणी, पुस्तकं, गप्पा. ती बाळं चिनी भाषेतले ध्वनी वेगळे ओळखू लागली. दुसऱ्या गटाला तीच माणसं, तोच मजकूर, पण पडद्यावर दाखवला. त्यांना काहीच आलं नाही. हे मी फार पूर्वी वाचलं होतं आणि आईंविरुद्धचा पुरावा म्हणून जपून ठेवलं होतं. त्या शनिवारी लक्षात आलं की त्यातला माणूस आमच्या घरात आई आहेत.

म्हणून मालिका चालेल, असं मात्र मी म्हटलं नाही. आई कितीही छान समजावोत, दुधात वाकून बघणारी पोर समजावण्यानंतरचीच होती. शिवाय मोठ्यांसाठी लावलेला टीव्ही मुलं बघत नसली तरी त्यांना पोहोचतो. २००८ सालच्या एका अमेरिकन अभ्यासात एक ते तीन वर्षांच्या मुलांना खेळायला सोडून अर्धा वेळ शेजारी मोठ्यांचा प्रश्नमंजूषेचा कार्यक्रम लावला होता. मुलांनी त्याकडे फारसं पाहिलंही नाही, पण खेळ तुटक झाला. एक खेळणं सोड, दुसरं घे. हे मी आईंना सांगितलं तेव्हा पहिल्यांदाच त्यांनी मान हलवली. “भांडीकुंडी मांडते आणि अर्धी टाकून उठते, ते मी बघते की,” त्या म्हणाल्या. त्यांनी दहा तास बघितलेलं माझ्या वाचण्यात होतं, एवढंच.

मग आम्ही दोघी ओट्यापाशी उभ्या राहून बोललो. सहा ते आठ टीव्ही बंद, हे माझं. मालिका दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा दाखवतात, लेक झोपलेली असते तेव्हा मी बघते, हे त्यांचं. जेवताना टीव्ही नाही आणि ताटात उरलं तर त्यावरून आजीला कुणी बोलायचं नाही, हेही त्यांचंच, आणि ते ऐकून मी गप्प झाले. पोरीचं वजन भरत नाही असं डॉक्टरांकडे मी दोनदा म्हटलं होतं, त्यांच्या देखत. आपण बंद करायला सांगतो ते आपल्याच जुन्या वाक्याच्या धाकाने चालू झालेलं असेल, असं माझ्या मनात कधी आलं नव्हतं.

आमचे फोनही घरी आल्यापासून आठपर्यंत कपाटात. यावर नवरा कुरकुरला. आईंनी त्याच्याकडे नुसतं बघितलं.

राहिला प्रश्न सहा वाजता होणाऱ्या आकांताचा. आपण ठरवलं म्हणून पोर ऐकत नाही. पहिले तीन दिवस लेक फरशीवर आडवी पडून रडली. चौथ्या दिवशी अप्पा उठले, भिंतीवरचं टीव्हीचं बटण बंद केलं आणि खणखणीत आवाजात म्हणाले, “लाइट गेली!”

लेकीचं रडं मधेच थांबलं. आजीने बंद केला तर आजीवर रडता येतं, आईने केला तर आईवर. लाइट गेली तर कुणावर रडणार? तिने वर बघितलं. पंखा फिरत होता. “पंखा चालू आहे,” ती म्हणाली. अप्पा शांतपणे म्हणाले, “टीव्हीची फेज गेली. घरात तीन फेज येतात, त्यातली एक गेली.” आमचं मीटर खरंच थ्री-फेजचं आहे. मागच्या पावसाळ्यात अर्धं घर अंधारात आणि फ्रिज चालू, असं झालं होतं. अप्पांनी टेस्टर काढला, तिला खुर्चीवर उभं केलं, आणि अर्धा तास दोघं घरभर बोर्ड तपासत हिंडले. तिने फक्त टेस्टरचा दांडा धरायचा, हात अप्पांच्या हातात. आता ते रोजचंच झालं आहे.

मला हे पटत नाही. मुलांशी खोटं बोलू नये. मी अप्पांना तसं सांगितलंही, या वेळी कुणामार्फत नाही. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “वर्षभर चालू दे. मग तिला कळेलच बटण कुठं आहे.” ते बोलणं अजून मिटलेलं नाही. मी रविवारी पुन्हा काढणार आहे.

काल सात वाजता आम्ही सगळे बाहेरच्या खोलीत होतो. आई तांदूळ निवडत होत्या, लेक त्यातले पांढरे आणि कमी पांढरे वेगळे करत होती. शेजारच्या भिंतीमागून त्या मालिकेचं शीर्षकगीत सुरू झालं. आईंचा हात क्षणभर ताटात थांबला. लेकीने कान टवकारले.

“आजी, त्यांच्याकडे लाइट आहे?”

मी अप्पांकडे बघितलं. अप्पांनी पेपर वर धरला. आईंनी एक खडा उचलून बाजूला ठेवला.

“त्यांची फेज वेगळी आहे गं,” त्या म्हणाल्या. “हा तांदूळ बघ बरं, हा कुठल्यात टाकायचा?”